ग्रेडरची माय

जिंतूरच्या बाजारात नवऱ्याच्या मागं पळायची वेळ आली तेव्हा मला कळलं, की या माणसाला हाक मारायला माझ्याजवळ काहीच नाही. ते पुढं, मी मागं, मधे भाजीच्या पाट्या आणि आडवेतिडवे लावलेले ऑटो. "अहो" म्हणून ओरडले तर बाजारातले निम्मे नवरे वळून बघायला लागले. आमचे तेवढे वळले नाहीत. मेथीच्या जुड्या बांधत बसलेली बाई म्हणाली, "नाव घेऊन हाक मारा की वो. नुसतं अहो अहो काय करायलात?"

तिला काय जातंय म्हणायला. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं त्यांचं नाव, तेही मान खाली घालून. त्यानंतर ते माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. दवाखान्यात विचारलं तर मी आधार कार्ड पुढं करते. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. खरं-खोटं देवाला माहीत, पण जिभेला एकदा वळण लागलं ते लागलं. इथंही मी ते लिहिणार नाही. हसायचं तर हसा.

ते कुठं निघालेत ते मला पाठीवरूनच कळलं होतं. मोंढ्यात, धान्य-कापसाच्या बाजारात. आमचे हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकरी गाडी घेऊन यायचा, थंडीत रांगेत पडून राहायचा, आणि नंबर लागला की हे जायचे. कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, तळातला मूठभर ओढून काढायचा, दाबून बघायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, वास घ्यायचा. मग एकच वाक्य. एक तर मालाचा नंबर सांगायचा, नाहीतर म्हणायचं, "ओला हाय. परत न्या." समोरचा पाया पडो, रडो, आईबहिणीवरून शिव्या घालो, दुसरं वाक्य नाही. या माणसाला लाच खाताना कुणी बघितलं नाही आणि दया करतानाही कुणी बघितलं नाही.

मी पोचले तर मोंढ्यात एका टेम्पोला टेकून हे आतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून उभे. भोवती माणसं जमलेली. आधी टेम्पोवाला तापला होता, पण गर्दीतल्या कुणीतरी ओळखलं. "आरं, हे तर ग्रेडर साहेब." मग काय, तमाशाच झाला. एकानं कोपऱ्यातलं कचऱ्याचं पोतं ओढून आणलं. उष्टे कागद, चहाचा चोथा, भिजलेलं चिपाड. "साहेब, जरा आमचा माल बघा की." यांनी शर्टाची बाही नीट वर केली आणि त्या घाणीत हात घातला. चोथा दोन अंगठ्यांत धरला, ताणला, वास घेतला. "ओला हाय. परत न्या."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेच पोतं फिरवून परत पुढं केलं. "आता बघा साहेब, वाळवून आणलाय." यांनी परत हात घातला. तेवढंच मन लावून.

एक म्हातारा तेवढा हसत नव्हता. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमचे मालक का? माझ्या बापाची गाडी परत धाडली होती यायनं. बाप वाटंतच पडला, परत उठला न्हाई." त्यानं एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बरं झालं," म्हणाला, आणि निघून गेला.

मी यांचा हात धरला तर यांनी तो झिडकारला. लोकांना म्हणाले, "ही बाई कोण हाय? हिला परत न्या." मोंढ्यात पुन्हा हशा पिकला. शेवटी दोघांनी उचलून आम्हाला ऑटोत घातलं. घरी येईपर्यंत हे माझ्या दंडाला चिमटे काढत होते.

तोवर घरात एक उशी धड राहिली नव्हती. गाद्या फाडायच्या, आतला कापूस काढायचा, ताणायचा, फेकायचा. मी झाडून झाडून बेजार. नाकात, डोळ्यांत, वरणात कापूस. पण तेही चाललं असतं. पुढं हे जेवणाची तपासणी करायला लागले. भातात बोटं खुपसायची, दाबायचं, "ओला हाय." वरण तर काय, ओलंच. भाकरी मोडून आत बघायचे, वाफ दिसली की ताट सरकवायचे. ताट आणलं कुणी? मी आणलं. मग फटका कुणाला? मलाच. पोटात अन्न नाही म्हणून डोकं फिरायचं आणि डोकं फिरलेलं म्हणून अन्न नको. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा खांद्यावर दिसायला लागला.

परभणीच्या डॉक्टरला दाखवलं. तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, "काकू, हे ते करत नाहीत, आजार करतोय."

"मग मार कोण खायलंय? आजाराची बायको?"

तो हसला नाही, एवढं बरं केलं. त्यानं सांगितलं ते सगळं सांगते, कारण त्यातलं बरंच खरं निघालं. वाद घालू नका. चुकलं म्हणून सांगू नका. ते ज्या काळात असतील तिथं तुम्ही जा. कशानं भडकतात ते हेरून ठेवा. हाताला काम द्या. गोळी लागलीच तर देऊ, पण गोळीनं माणूस नुसता पडून राहतो.

मी तसं केलं. एक टोपलीभर खरा कापूस आणून पुढं ठेवला. हे सरकी काढत बसायचे, गाद्या वाचल्या. ओलं नको ना, मग फुटाणे, चुरमुरे, कडक वाळवलेली भाकरी. चार घास जायला लागले. पण दिवस कलला की यांना घर लागायचं. "मला घरी सोडा." हेच घर आहे म्हणलं की भडका. त्या वेळेला फुटाणे पण ओले.

पोरगा पुण्यात. मोबाइलवर तोंड दाखवायचा आणि मला शिकवायचा. "आई, तू शांत राहायला पाहिजेस. तुझ्या आवाजामुळं ते चिडतात." मी म्हणलं, "ये बाबा, तुझ्या गोड आवाजात एक दिवस भरव त्यांना." मग त्यानं संभाजीनगरला असल्या म्हाताऱ्यांची एक जागा शोधली. तिथं सगळं बघतात म्हणे. चिडले तर मऊ पट्ट्यानं बांधतात, लागत नाही. लागत नाही हे त्याला कुणी सांगितलं? बांधणाऱ्यानं.

"बैल बांधतात बाबा, माणूस न्हाई."

"मग उपाशी मारायचंय का? दिवाळीला येतो. तोवर जेवायला लागले नसतील तर मी घेऊन जाणार. माझं ठरलंय."

त्याचंही चुकत होतं असं नाही. बापाच्या बरगड्या त्याला मोबाइलवरून पण मोजता येत होत्या. पण मला ते नको होतं, आणि का नको होतं ते स्पष्ट सांगते. दया वगैरे नाही. दया माझी कधीच संपली होती. माझ्याजवळ एक गोष्ट होती, तिच्यावर मी जिंदगी काढली.

मला बघायला माझ्या माहेरी, चारठाण्याला आले तेव्हा यांनी पोहे खाल्ले आणि एक शब्द बोलले नाहीत. पुढं लग्न झालं, तेव्हाही फार बोलायचे असं नाही. हात मात्र चालायचा. मी चुलीपुढं रडत बसले की सासू जवळ यायची, मिश्री लावलेल्या बोटानं माझी हनुवटी वर करायची आणि म्हणायची, "येडे, तुला बघून निघालो तर चारठाण्याच्या यष्टी स्टँडवरच मनला मला, हीच करायची, दुसरी दाखवू नको." दर वेळी मार खाल्ला की सासू मला तो यष्टी स्टँड दाखवायची. आणि मी मनाशी म्हणायचे, या माणसानं गाड्याच्या गाड्या परत धाडल्या, मोठमोठ्या पाटलांच्या परत धाडल्या, आणि मला एका नजरेत पास केलं. असला माणूस पट्ट्यानं बांधायला मी कसा देईन?

दसरा गेला. एका संध्याकाळी मी वरणभात कालवून नेला, म्हणलं बघू. यांनी बोटं घातली, दाबलं, आणि पितळी उचलून माझ्या कपाळावर हाणली. भुवईच्या वर फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं, आणि माझं डोकंच सरकलं. त्या घडीला डॉक्टर नाही, देव नाही, आयुष्य कमी होतंय का जास्त होतंय काही नाही. सासू अंगणातून जशी यांना हाक मारायची, त्या लाडाच्या नावानं, अरेतुरेत, मी गळा फाडून ओरडले. "आरं ए, बस खाली. अन्न फेकतोस का? बस मनलं ना."

हे बसले. मांडी घालून. सांडलेला भात पुढ्यातून बाजूला केला आणि म्हणाले, "आलो, माय."

मी बाई हुशार, संधी सोडली नाही. पदर डोक्यावर घेतला, रक्त पदरानंच दाबून धरलं आणि दुसरा भात आणला. ओला, पाणी सुटलेला. यांनी तोंड उघडलं. माझ्या हातानं पोटभर जेवले आणि वर विचारलं, "माय, गूळ हाय का?"

झालं. जे डॉक्टरच्या युक्त्यांनी झालं नाही ते रागानं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी सासू झाले. तिचं जुनं लुगडं पेटीत होतं, ते काढलं. मिश्री आणली, हिरडीला लावायला लागले, कारण जवळ गेल्यावर यांना तो वास लागायचा. आधी घेरी यायची, मग सवय झाली. नाव घेऊन हाक मारली की लेकरासारखे येऊन बसायचे. अंघोळ, जेवण, गोळी, सगळं. मला वाटलं जिंकले.

पण फुकट काही मिळत नाही. एकदा घास घेता घेता हे थांबले, माझ्या तोंडाकडं बघायला लागले आणि घाबरले. दाराकडं बघून हळूच म्हणाले, "माय, तू कुंकू लावलंस? लोकं काय मनतील?"

यांचा बाप हे लहान असतानाच गेला होता. सासूचं कपाळ मी कधी भरलेलं बघितलंच नव्हतं. ही कुठली कुंकवाची माय, म्हणून यांनी तोंड मिटलं, आणि उघडेनात. मी दोन दिवस ओढले. समजावलं, नाव घेतलं, मिश्री लावली. फुटाणा जाईना. तिसऱ्या दिवशी मोरीत उभी राहिले, पाण्यानं अंगठा ओला केला आणि नवरा आत जिता बसलेला असताना कपाळ पुसलं. मंगळसूत्र काढून मिठाच्या बरणीमागं ठेवलं. मग ताट घेऊन आत गेले. जेवले.

एकदा असंच भरवत होते आणि शेजारीण विरजण मागायला आली. पांढरं कपाळ, मोकळा गळा बघितला आणि तिनं तिथंच मोठ्यानं हंबरडा फोडला. "आगं माय, कधी झालं गं? मला सांगितलं पण न्हाई." आतून यांनी तोंडात घास ठेवून विचारलं, "कोण मेलं गं?" शेजारणीची दातखीळ बसायची राहिली. मला इतकं हसू आलं की भिंत धरावी लागली. ती मात्र हसली नाही. नवरा जिता असून ही कपाळ पुसून बसती, हिच्या घरचं विरजण नको, असं तिनं गल्लीत सांगितलं. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यानंतर आलं नाही. जाऊ दे म्हणलं. यांच्या गालावर मांस दिसायला लागलं होतं, आणि दिवाळी तोंडावर आली होती.

पोरगा आला. दारातच माझं कपाळ बघून त्याचा चेहरा उतरला, मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू." त्याच्या मोबाइलमध्ये संभाजीनगरच्या त्या जागेचं सगळं ठरवून ठेवलेलं होतं, गाडीसुद्धा. तिन्हीसांजेला मी मुद्दाम वरणभात केला. परीक्षाच ती, मग अवघडच घ्यावी. पोरगा चौकटीला टेकून उभा. मी लुगडं नेसून, मिश्री लावून आत गेले आणि नावानं हाक मारली. हे आले, मांडी घातली, तोंड उघडलं. पहिला घास, दुसरा घास. पोराच्या खांद्यावरचा ताण उतरताना मला दिसला. मी मनात म्हणलं, घे, बघ तुझ्या बापाला.

तेवढ्यात हे म्हणाले, "माय, ती बाई अजून हाय का घरात?"

"कोणती रे?"

"ती गं. चारठाण्याची. तू केलेली."

मी ताटातला भात परत कालवला.

"मी तवाच मनलं होतं तुला, यष्टी स्टँडवर. मला न्हाई पसंत. तुझ्या पाया पडलो होतो तितं." ओठ लेकरासारखा बाहेर आला होता त्यांचा. "तू मनलीस, शब्द दिलाय, माल परत होत न्हाई. कामून केलीस, माय? लय दिवस झाले. आता तरी परत धाड तिला."

हे खोटं बोलतायत असं म्हणायला मला कुठं जागाच नव्हती. यांच्या डोक्यातून पोराचं नाव गेलं होतं, घर गेलं होतं, संडास कुठं ते गेलं होतं. यष्टी स्टँड तेवढा राहिला होता, आणि सासूनं मला दाखवला तो तसा नव्हता. मला सासूचा इतका राग आला की जिती असती तर मी तिला विचारलं असतं. पण ती नव्हती, तिच्या जागेवर मीच बसले होते. तिचं लुगडं नेसून, तिची मिश्री लावून.

मी दुसरा घास पुढं केला. यांनी तोंड मिटून घेतलं. "आधी तिला धाड. मग जेवतो."

मी पोराकडं बघितलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हातानं तो मला खूण करत होता. हो म्हण. हो म्हणून टाक.

"धाडते," मी म्हणलं.

"आत्ता."

मी उठले. मागच्या दाराशी गेले, कडी काढली, दार उघडलं आणि जोरात आपटलं. परत येऊन समोर बसले. "गेली."

यांनी तोंड उघडलं. सगळं ताट संपवलं.

मी मोरीत भांडी घासत होते, पोरगा मागं येऊन उभा राहिला. "कमाल केलीस, आई," म्हणाला. मग जरा वेळानं, "आजारामुळं बोलतात गं ते. मनावर घेऊ नको." माझ्यासमोरच त्यानं फोन करून ती जागा रद्द केली. दिवाळी करून परत पुण्याला गेला. बाप घरी राहिला. जे मला पाहिजे होतं ते झालं.

आता दोन्ही वेळच्या जेवणाला ते विचारतात आणि मी दार आपटते. डॉक्टरला सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, "काकू, सगळ्यांना हे जमत नाही." कधी कधी मला वाटतं, आपटायचं ते बाहेरून आपटावं. पण मग ताट कोण उचलणार.

परवा यांनी एक नवीन विचारलं. मी दार आपटून आले, भात कालवला.

"गेली का गं ती, माय?"

"गेली."

"जाताना रडली का?"

मी घास बोटांत वळला. "न्हाई रे."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तोंड उघडलं.